दहा फुटांवरची वीस मिनिटं

जिंतूरला आमच्या मालकांच्या घरात खोली घ्यायची तर भाड्याच्या आधी पाटीचं कबूल करावं लागे. दाराच्या आत खुंटीला एक दगडी पाटी टांगलेली असायची, शाळेतल्या पोरांची असते तसली. बाहेर पडताना भाडेकरूनं तिच्यावर नाव, वेळ आणि कुठं चाललो ते लिहायचं आणि परत आल्यावर आपल्या हातानं पुसायचं. दुसऱ्यानं पुसलेलं चालत नसे. पुसायला कुणी अर्धा तास उशीर केला की हे डावा पाय ओढत शोधायला निघत. एकदा मी शाळेत चाललोय असं लिहून थिएटरात जाऊन बसलो होतो. पिक्चर ऐन रंगात आला आणि पडद्यासमोर यांची सावली उभी राहिली. "मास्तर, पाटीवर शाळा लिवलीय तुमी," एवढंच म्हणाले. सगळं थिएटर हसलं. मी उठून निमूट त्यांच्या मागे चालू लागलो.

आम्ही तीन भाडेकरू होतो, एक एसटीचा कंडक्टर, एक कंपाउंडर आणि विज्ञान शिकवणारा मी. पाटीनं भागत नाही म्हणून त्यांनी आमच्या जोड्याही लावून दिल्या होत्या. कंडक्टरचा जोडीदार कंपाउंडर, माझे जोडीदार ते स्वतः. जोडीदारानं जोडीदार कुठं आहे, कसा आहे, जेवला की नाही, याची खबर ठेवायची. मला ताप आला की ते उशाशी बसून राहत आणि दर तासाला विचारत, "खुनेनं सांगा, बरं हाय का न्हाई?" मग मी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पाण्याखाली तोंडानं बोलता येत नाही, म्हणून तिकडं अशा खुणा असतात. जमिनीवर माणसाला तोंड असतं हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही.

तिकडं म्हणजे तांबड्या समुद्रात. सोळाव्या वर्षी ते गावातून मुंबईला पळाले. गोदीत जहाजांची बुडं खरवडता खरवडता पाण्याखाली काम करायला शिकले, तिथून आखातात गेले आणि शेवटी एका गोऱ्या मालकाच्या बोटीवर लागले. त्या बोटीवर बारा पाहुणे आठ-आठ दिवस राहायला यायचे. जमिनीला पाय लावायचा नाही. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की पाण्यात उतरायचं, वर आलं की पाटीवर वेळ आणि खोली लिहायची, खायचं, झोपायचं, पुन्हा घंटा. खाली पोवळ्यांची रानं आणि बुडालेली जहाजं बघायची. हे पुढं पोहत वाट दाखवायचे.

आमच्याकडं पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीतला लाल खडा. ते खूप चिडायचे. "दगड न्हाई त्यो, जीव हाय," म्हणायचे. "हात लावला तर मरतंय. पाहुना किती बी मोठा असू द्या, पहिल्या दिशी त्याला सांगायचं, बगायचं पोटभर, हात लावायचा न्हाई." जहाजांविषयी मात्र ते हळू आवाजात बोलत. एका जहाजाच्या पोटात शिवणयंत्रं होती, ओळीनं मांडलेली, चाकांवर शेवाळ. एकात ताटं होती, एकावर एक रचलेली, एकही फुटलेलं नाही. "मानसं कुटं गेली ते इचारायचं न्हाई," म्हणत आणि विषय बदलत.

हे सगळं ऐकायला मला आवडे. पण मानवतजवळच्या माझ्या गावी मी घरमालक कोण ते कधी खरं सांगितलं नाही. आम्ही कुणबी, शेतीवाडी असलेले, आणि ते महारवाड्यातले. मिलिटरीतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत, असं वडिलांना सांगून ठेवलं होतं. वडील भेटायला आले की मी त्यांना स्टँडवरच चहा पाजून परत पाठवायचो. मालकांना हे ठाऊक होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही त्यांना दाखवू दिलं नाही. आमचं दोघांचं छान जमलं होतं, असं मी तेव्हा समजत असे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्यांच्या गावातली वस्ती जळाली. पत्र बोटीवर पोचायला दोन महिने लागले. "माज्या मायचं घर जळायलं तवा मी लोकांला माशे दाखवायलो होतो," असं ते एकदाच म्हणाले. नोकरी सोडून आले, गावात न राहता जिंतूरला हे घर घेतलं आणि म्हातारीला घेऊन राहिले. जाळणारे कोण ते त्यांना नावानिशी माहीत होते. बाजारात त्यातला एखादा समोरून आला तर हे त्याच्याकडं बघत आणि तो खाली बघे. मी आलो तेव्हा म्हातारी वारली होती.

डावा पाय तिकडचाच. बुडालेल्या जहाजात एका पाहुण्याचा धीर सुटला. त्याला धरून हे न थांबता वर आले. पाहुणा धडधाकट राहिला, यांचा पाय लुळा पडला. त्याचं कारण त्यांनी मला गोळीच्या सोड्याच्या बाटलीवर समजावलं होतं. गोळी एकदम दाबली की सगळा सोडा फसफसून बाहेर येतो. अगदी हळूहळू दाबली तर हवा गुपचूप निघून जाते. खोल पाण्यात श्वासातली हवा रक्तात मुरते. माणूस एकदम वर आला की ती रक्तात अशीच फसफसते आणि मणक्यात जाऊन बसते. म्हणून वर येताना दहा फूट उरले की थांबायचं, जितकं खोल आणि जितका वेळ तितकं जास्त थांबायचं. हे मी पुढं दरवर्षी नववीच्या वर्गात बाटली घेऊन शिकवलं. पोरांना फार आवडायचं. तिकडच्या डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर कमरेखाली काही उरणार नाही.

तरी विहिरीत ते उतरायचे. कुणाची मोटार पडली, कुणाची पोहरा-बादली पडली की बोलावणं यायचं. ज्या विहिरीवर त्यांच्या आईला कधी घागर भरू दिली नव्हती, तिच्याही तळाशी ते जाऊन आले. "विहीर म्हंजे घराचा वटा," म्हणायचे, "तिथं पायाला काय व्हत न्हाई." हवेसाठी एका पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणि लांब नळी. डिझेलचा वास हवेत येऊ नये म्हणून मध्ये एक पत्र्याचा डबा, त्यात कोळसा आणि मानवतच्या जिनिंगमधून मी आणून दिलेला कापूस. तो कापूस ते दर वेळी बदलत आणि जुना मला दाखवत. काळा झालेला असे. "हे माज्या छातीत गेलं आसतं, मास्तर."

त्या हिवाळ्यात पूर्णेवरच्या धरणात माणसं नेणारी नाव उलटली. पलीकडच्या गावाहून जिंतूरच्या बाजाराला येत होती, नेहमीपेक्षा जास्त माणसं भरलेली. बाकीचे पोहून निघाले, सहा जण बुडाले. तीन दिवसांत पाच जण वर आले. सहावी सतरा वर्षांची मुलगी होती. ती आली नाही.

चौथ्या दिवशी तिचा बाप आमच्या दारात येऊन उभा राहिला. मोठा शेतकरी, दोन पायऱ्यांखाली उभा, टोपी हातात. उंबऱ्याच्या आत आला नाही. यांनी मला पाणी द्यायला सांगितलं. मी तांब्या पुढं केला. तहान नाही म्हणाला, ओठ तर फुटलेले दिसत होते.

"पोरगी पान्यात हाय तवर भाकर गिळंना गेली," तो म्हणाला. "तिच्या मायनं चूल पेटवली न्हाई. तुमी काडून द्या."

"किती खोल हाय?" यांनी विचारलं.

"भोई म्हनत्यात पंधरा परस. जुन्या नदीचं पात्र हाय तिथं."

पंधरा परस म्हणजे नव्वद फूट. मी मान हलवून त्यांना नको म्हणून खुणावत होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मागून मी भांडलो तेव्हा म्हणाले, "दहा फुटावर थांबलं की झालं, मास्तर. घाई केली तर पाय जातो, खोल गेलं म्हनून न्हाई जात. वर दोर धरायला तुमी हाव का न्हाई?"

मी होय म्हणालो. पोहता येत नाही हेही सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं.

दोन होड्या फळ्यांनी जोडून भोयांनी एक तरंगतं अंगण केलं. त्यावर कॉम्प्रेसर, स्टोव्ह, पिठाचा डबा, पाटी आणि घंटेऐवजी एक पितळी ताट. काठाशी अर्ध्या मैलाचा चिखल होता, म्हणून दोन भोई, ते आणि मी तीन दिवस तिथंच राहिलो. मला सांगायला लाज वाटते, पण ते दिवस सुखाचे होते. ते कधी नव्हे इतके खुशीत होते. भाकरी झाली की ताट वाजवत, सगळ्यांना चपला काढायला लावत. हातानं पाण्यावर रेघ ओढून दाखवत, इथं पोवळ्याची भिंत आहे समजा, इथून खाली काळं निळं. भोई हसून लोळायचे. पाण्यात उतरले की मात्र मी त्यांच्या कमरेला बांधलेला दोर हातात घेऊन बसे आणि दुसरं काही सुचत नसे. एक झटका म्हणजे बरं आहे. दोन म्हणजे सापडलं. तीन म्हणजे वर येतोय, ओढू नका. चार म्हणजे ओढा. दर पाच मिनिटांनी मी एक झटका द्यायचा, खालून एक यायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन झटके आले. ते वर आले, मधली वीस मिनिटं दहा फुटांवर थांबूनच आले, आणि फळीवर बसून राहिले. उलटलेल्या नावेखाली मुलगी होती. एका बाभळीच्या खोडात आणि नावेच्या काठात अडकलेली. एका वेळी सुटण्यासारखी नव्हती, जेवून पुन्हा जायला हवं होतं. एक भोई पोहत काठावर सांगायला गेला आणि परत येताना दुसऱ्याच्या होडीतून मुलीच्या चुलत्याला आणि भावाला घेऊन आला; ती होडी त्यांना सोडून माघारी गेली. बाप काठावरच बसून होता.

चुलत्यानं मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, चार फळ्या पलीकडं.

"सर, तुमी आपल्यातले हाव. त्याला समजून सांगा. दोर बांदावा आन वर वढावं. आंगाला हात न्हाई लागला पायजे. लेकीची जात हाय, मानसं बोलत्यात."

मी मान डोलावली आणि जाऊन निरोप सांगितला. 

"तिकडं बी आसंच सांगायचे," ते म्हणाले. "पोवळं मरंल म्हनून हात लावू नगा. हितं काय मरायलंय, मास्तर?"

मग म्हणाले, "सांगा त्याला, दोर बांदतो." आणि मुखवटा लावून उतरले.

खूप वेळ लागला. पाटीवर मी वेळ लिहिली होती, चाळीस मिनिटं होऊन गेली. मग दोन झटके, थोड्या वेळानं तीन. दोर हळूहळू सैल येऊ लागला, मी गुंडाळत गेलो. दहा फुटांच्या गाठीशी तो थांबला. पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं. आम्ही पाचही जण वाकून बघत होतो आणि आम्हाला दिसलं. हिरवी चोळी दिसली, सुटलेले केस दिसले. दोर तिला बांधलेला नव्हता. त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं होतं, तिचं डोकं खांद्यावर, आणि ते तसेच पाण्यात स्थिर उभे होते. बुडबुडे तेवढे वर येत होते.

"काय करायलाय त्यो तिथं?" भाऊ म्हणाला.

मी म्हणालो, थांबावं लागतं. वीस मिनिटं. नाहीतर त्यांचे पाय जातील.

"इतकं वर आलाय, मंग येत कामून न्हाई? तिला धरून कामून उभारलाय?"

मी पुन्हा सांगितलं, सोड्याच्या बाटलीचंसुद्धा सांगितलं. दु:खानं वेडा झालेल्या माणसापुढं मी सोड्याची बाटली घेऊन उभा होतो. चुलता म्हणाला, "सर, वढा." मी नाही म्हणालो. एकदाच म्हणालो. मग भावानं माझ्या हातातला दोर घेतला. हिसकावला असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्यानं हात पुढं केला आणि मी दिला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो आमच्यातला होता. त्यानं आणि चुलत्यानं मिळून ओढलं. चार मिनिटंही झाली नव्हती.

ते वर आले तसं मुलीला त्यांच्या हातातून घेतलं, धोतर पांघरलं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. ते आधी इकडंतिकडं बघत राहिले, मग मला बघितलं आणि डोळे मिटले. फळीवर चढवल्यावर म्हणाले, "दोरानं तिचा हात निगून आला आसता. मऊ झालीय पोरगी. म्हनून धरलं." हे त्यांनी चुलत्याला सांगितलं. चुलता दुसरीकडं बघत होता.

दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. त्यांनी पाटी मागितली, हिशेब केला आणि मला म्हणाले, "मास्तर, आजून जमतंय. मला परत खाली सोडा. घंटा-दीड घंटा थांबलो की उतरंल." भोई कॉम्प्रेसरकडं वळले. चुलता म्हणाला, आधी काठ. प्रेत पाण्यावर ठेवून दीड तास थांबायचं नाही. तिची आई तिकडं उपाशी आहे. दुसरी होडी जवळ नव्हती. मी म्हणालो, अहो, पण यांचे पाय. चुलता म्हणाला, "जिंतुरात डाक्टर हाय की." मी गप्प बसलो. भोयांनी माझ्याकडं पाहिलं, मग वल्ही उचलली. काठ येईपर्यंत ते आपल्या मांडीवर बोटं रोवून बघत होते, कुठवर लागतंय ते. काठाला लागलो तेव्हा त्यांना काही लागत नव्हतं.

परभणीच्या डॉक्टरांना हा आजारच माहीत नव्हता. मुंबईला नेईपर्यंत आठवडा गेला. ते परत आले ते बाजेवर.

मी पुढच्या जूनमध्ये बदली मागून परभणीला गेलो. लग्न ठरलं होतं, हे कारण सांगायला बरं होतं. कंडक्टर आणि कंपाउंडर यांनी त्यांचं सगळं केलं. मी सणावारी एखादं पत्र टाकायचो. मनात सारखं चाले, त्यातून एक पळवाट मात्र मला सापडली होती. त्यांच्या पोटरीला नेहमी सुरी बांधलेली असे, जाळ्यात किंवा दोरात अडकलं तर कापायला. भावानं दोर ओढला तेव्हा त्यांनी तो कापला का नाही? नळी होती, हवा येत होती. दोर कापून ते तिथंच तासभर थांबू शकले असते. ही सुरी मी सात वर्षं मनात धरून होतो. दोष वाटून घ्यायला ती कामी यायची.

नामांतर झालं त्या जानेवारीत कंपाउंडरचा निरोप आला की आता फार दिवस नाहीत. मी जिंतूरला गेलो. ते खूप आटले होते, पाठीला जखमा झाल्या होत्या, खोलीत वास होता. मला बघून त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. मी जवळ बसलो. विद्यापीठाचं नाव बदललं, असं काहीतरी बोललो. "व्हय, आयकलं," ते म्हणाले. "म्हातारी आसती तर पेढे वाटले आसते."

मग मी एकदाचं बोललो. दोर माझ्याकडून हिसकावला नव्हता, मी दिला होता, हे सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, म्हणून मला धीर आला आणि मी ते विचारलं. तुमच्याजवळ सुरी होती. तुम्ही कापला का नाही?

"काडली व्हती की," ते म्हणाले. "पोरीला एका हातावर घेऊन काडली व्हती."

"मग?"

"खालच्याला वरचा हात कळतो, मास्तर. तीन दिस तुमचा हात व्हता. एकदम दुसराच आला. मला वाटलं, तुमी पान्यात पडलाव." दम लागला म्हणून ते थांबले. "तुमाला पवता येत न्हाई. म्हनून सुरी टाकली आन वर आलो."

 त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्या दिवशी मी त्या फळीवर उभा होतो, धडधाकट, आणि माझी पावलंसुद्धा ओली झालेली नव्हती.